सात एकरांची विरळणी

"दोनच आठवडे, बाबा," पियूष म्हणाला आणि गाडीतून उतरलेल्या सासऱ्याच्या दोन्ही हातांवर त्याने सॅनिटायझरचा फवारा मारला. मग बॅगेच्या मुठीवर मारला, दाराच्या कडीवर मारला. रोग जणू म्हाताराच घेऊन आला होता.

२०२० च्या मार्चचा शेवटचा आठवडा होता. सत्तरीपुढच्यांनी घराबाहेर पडायचं नाही, असं सरकार आज ना उद्या सांगणार हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. नंदकुमार वैरागडे एकाहत्तरचे. त्यांची धाकटी मुलगी रेवती डब्लिनमधल्या एका सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर, आणि वॉर्डातून घरी येताना ती अंगावर काय घेऊन येईल याचा नेम नव्हता. म्हणून शहराच्या कडेच्या ल्यूकनमधल्या तिच्या घरातल्या वरच्या लहान खोलीतून वैरागड्यांना उचलून तास-सव्वा तासावरच्या ऑफली जिल्ह्यात, पियूषच्या जमिनीवर ठेवायचं ठरलं. कुणी ठरवलं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. गाडी जावयाने काढली म्हणजे जावयानेच ठरवलं, एवढं न कळायला ते काही खुळे नव्हते.

जमीन म्हणजे सात एकर बोग, दलदलीची. जळणासाठी पिढ्यान्‌पिढ्या माती कापून नेलेली, पायाखाली दबणारी काळी ओल. कापणं थांबलं आणि तिच्यावर बर्चची झाडं आपोआप उगवली. पियूष सिटीवेस्टच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरवाला. वीकेंडला निसर्गात जायचं म्हणून आदल्या वर्षी त्याने ही जमीन घेतली आणि रस्त्याच्या कडेला एक जुनं मोबाइल होम आणून उभं केलं. चाकांवरची पत्र्याची खोली. आत एक पलंग, गॅसची शेगडी आणि उभ्याने अंघोळ होईल एवढी मोरी.

"चहा-साखर प्रेसमध्ये आहे," पियूषने भिंतीतल्या कपाटाकडे बोट दाखवलं. इथे राहून तो कपाटाला प्रेस म्हणायला लागला होता. "काही लागलं तर फोन करा. आणि शेजारी युजीन आहे, मेंढ्यावाला. ग्रँड माणूस आहे."

त्याने लांबूनच नमस्कार केला आणि तो गेला.

वैरागड्यांनी बॅग आत नेली नाही. आधी झाडं पाहिली. चौतीस वर्षं आलापल्लीच्या सागवनात गेलेली. वनरक्षक म्हणून लागले, वनपाल म्हणून निवृत्त झाले. बर्च म्हणजे पुस्तकात वाचलेला भूर्ज, पण झाड ते झाड. पांढऱ्या सालीची, मनगटाएवढी, तीन-चार पुरुष उंच झाडं इतकी दाट उभी होती की अंग आडवं करून आत शिरावं लागे. खालच्या फांद्या सगळ्या वाळलेल्या. हिरवं फुटायचं ते फक्त शेंड्याला. त्यांच्या डोक्यात पहिला शब्द आला तो विरळणी. चार-पाच वर्षांपूर्वीच व्हायला हवी होती. ज्याने केली नाही त्याला त्यांनी मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या आणि त्यांना जरा बरं वाटलं.

बायको गेल्यावर बल्लारपूरचं घर विकून ते जानेवारीत कायमचे म्हणून रेवतीकडे आले होते. थोरली अलकनंदा गोंडपिपरीला दिलेली. तिच्या सासरी जाऊन राहायचा विचारही त्यांना कधी शिवला नाही. लेकीच्या घरचं फुकट खाऊ नये अशा जुन्या वळणाचा माणूस, पण डॉक्टर लेकीचं खाल्लं तर चालतं अशी त्यांनी स्वतःपुरती सोय लावून घेतली होती. तरी घास घेताना डाचायचंच.

दोन आठवड्यांचे दहा झाले. जूनमध्ये रस्ते मोकळे झाले तसा पियूष रविवारी येऊ लागला. डबे पायरीवर ठेवायचा, मागे सरकायचा आणि सासरे ते उचलेपर्यंत खिशात हात घालून उभा राहायचा.

"पियूषराव, आता कायले ठेवता इथं मले? लोकं फिरून राहिले सगळीकडे."

"रेवतीच्या वॉर्डात अजून रिस्क आहे, बाबा. तुमच्या काळजीपोटीच." पियूष त्यांच्याकडे न पाहता झाडांकडे पाहत होता.

"फुकट बसून खाल्लेलं मले पचत नाही. हे बन पाहा. एकमेकाच्या उरावर बसून मरून राहिलं. विरळणी केली तर ठेवलेलं एकेक झाड मांडीएवढं होईन."

"मग करा ना!" पियूषचा चेहरा एकदम सुटला. कुणीतरी उत्तर हातात दिल्यासारखा तो पटपट बोलू लागला. "सातही एकर नको. अर्धं करा. हिवाळ्यात अर्धं झालं की थेट घरी. प्रॉमिस."

वैरागड्यांनी मान डोलावली. कामाच्या बदल्यात खोली, हा सौदा त्यांना दयेपेक्षा बरा वाटला. इथेच ते फसले. घरात राहणं एकदा मजुरीवर ठरलं की मजुरी पुरी झाली की नाही हे ठरवणारा दुसराच असतो. हे त्यांना इतर कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक असायला हवं होतं. चौतीस वर्षं मजुरांची हजेरी तेच घेत आले होते, आणि अर्धा दिवस कापताना त्यांचा हात कधी अडखळला नव्हता.

ऑगस्टमध्ये ल्यूकनच्या घरात गणपती बसला. वैरागड्यांना आरती फोनवर दाखवली. पियूष फोन हातात धरून घरभर फिरला, जिन्यावरून वर गेला आणि क्षणभर ती लहान खोली दिसली. पलंग नव्हता. खिडकीपाशी टेबल, त्यावर दोन मोठे स्क्रीन, चाकांची खुर्ची.

"माझा पलंग कुठं गेला?" त्यांनी विचारलं. आरती चालू होती, कुणाला ऐकू गेलं नाही. की गेलं होतं कोण जाणे. फोन झटकन खाली वळला आणि मोदकांचं ताट दिसू लागलं. वैरागड्यांनी पत्र्याच्या खोलीत उभ्याने टाळ्या वाजवल्या आणि स्वतःची समजूत घातली, पलंग काय, परत टाकता येतो.

सप्टेंबर संपता संपता पानं पिवळी पडली आणि त्यांनी पहिलं झाड कापलं. पियूष त्या रविवारी मुद्दाम थांबला. कमानीची करवत त्यानेच आणली होती, गमबूटही. म्हातारा गुडघ्यावर बसून करवत ओढत होता आणि जावई फोनवर चित्रण करत होता. संध्याकाळी ते ल्यूकनच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर गेलं. सासरे बुवा फुल्ल फॉर्मात, असं वर लिहिलं होतं. साठ जणांनी शाबासकीचे अंगठे टाकले. नागपूरच्या एका डॉक्टरने लिहिलं, आमच्या बाबांनाही पाठवू का, लॉन वाढलंय. रेवतीने काहीच लिहिलं नाही. ती कामात असेल, असं वैरागडे समजले.

कामाची रीत अशी. आधी उभं राहून वर बघायचं. कुणाचा शेंडा मोठा, कुणाचा बुंधा सरळ, ते झाड ठेवायचं. त्याच्या शेंड्याला खेटून उभी असलेली सगळी काढायची. खुरटलेली तर काढायचीच, पण तेवढ्याने काही होत नाही. खरी अडचण असते ती जवळजवळ तितक्याच जोराच्या शेजाऱ्याची. त्याच्यावर करवत धरायला मन घट्ट लागतं. वैरागड्यांचं घट्टच होतं. दिवसाला ऐंशी झाडं, असा त्यांनी स्वतःला ठेका लावून घेतला. जमीन इतकी ओली की गुडघ्याखाली ठेवलेलं पोतं तासाभरात पिळून काढावं लागे. कंबर संध्याकाळी सरळ होत नसे. दाराची चौकट धरून ते तिला टप्प्याटप्प्याने उभी करत. बोटांच्या टोकांना भेगा पडल्या आणि त्यांत काळी माती कायमची बसली.

युजीन कुंपणापलीकडून बघायचा. साठीचा, लाल कानांचा, तोंडात कायम काहीतरी चघळणारा माणूस. वैरागड्यांचं इंग्रजी खात्यातलं होतं, पण झाडांबद्दल बोलायला तेवढं पुरत होतं.

"फार मोकळं करतोयस," युजीन एकदा म्हणाला. "पश्चिमेची कड ठेव. दहा पावलं रुंद, हात लावू नकोस. वारा तिकडून येतो."

"मी चौतीस वर्षं साग वाढवला आहे," वैरागडे म्हणाले. "जागा दिली नाही तर बुंधा जाड कसा होणार? एकाआड एक काढायचं. कड वगैरे काही नाही."

"साग वाढवला असशील. पण तुझ्या त्या सागाला आमचा वारा ठाऊक नाही."

"वैरागडे वनपाल विरळणी करतात तेव्हा करतात," ते म्हणाले आणि मग जरा मऊ होऊन त्यांनी समजावलं. "हे बघ. मला दोन मुली. दोघींना शिकवणं पगारात बसत नव्हतं. थोरली वर्गात पहिली यायची, धाकटी दुसरी. पण थोरली सोळाची, तिला स्थळ सांगून आलेलं. तिचं दहावीनंतर थांबवलं, लग्न लावलं. सगळं धाकटीला दिलं. आज ती डॉक्टर आहे, तुमच्या देशात. दोघी ठेवल्या असत्या तर दोघी शिक्षिकाही झाल्या नसत्या."

युजीनने चघळणं थांबवलं. "आणि थोरली?"

"आहे. सुखी आहे," वैरागडे म्हणाले आणि वाकून पुढच्या झाडाला लागले. तिला सुखी आहेस का असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि विचारायची गरज असते हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

ऑक्टोबरअखेर पुन्हा निर्बंध आले. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही. म्हाताऱ्या माणसाला सामान पोचवायला सूट होती, पण पियूष फोनवर म्हणाला, "इथले पोलीस, गार्डा, अडवतात, बाबा. उगाच झंझट." सामान युजीन आणून देऊ लागला. दिवाळीचा फराळ पोस्टाने आला. चकल्यांचा भुगा झालेला, आणि डब्यावर रेवतीच्या अक्षरात फक्त पत्ता. त्यांनी तो भुगा चमच्याने खाल्ला. खाताना त्यांना रडू आलं आणि स्वतःचाच इतका राग आला की उरलेला त्यांनी मेंढ्यांना टाकला.

डिसेंबरात हात घसरला आणि करवत डाव्या अंगठ्यावर चालली. आत पांढरं दिसलं. त्यांनी रुमाल गुंडाळला आणि रेवतीला व्हिडिओ लावला. ती कुठल्याशा जिन्यात उभी होती. नाकावर मास्कचे वळ, डोळे खोल गेलेले.

"रेवा, लई लागलं वो."

"वाकवून दाखवा."

त्यांनी अंगठा वाकवला.

"वाकतोय ना? मग टेंडन शाबूत आहे. उकळलेल्या पाण्याने धुवा, घट्ट बांधा. युजीनला सांगा, गावातल्या नर्सकडे नेईल."

"तू येतेस का?"

"मला राउंड आहे," ती म्हणाली आणि स्क्रीन काळा झाला.

लेक थकली आहे, वैरागडे स्वतःशी म्हणाले. जावई येऊ देत नसेल. त्या रात्री त्यांनी पियूषला जितक्या शिव्या दिल्या तितक्या एखाद्या लाकूडचोरालाही दिल्या नव्हत्या. रविवारी थोरलीचा, अलकाचा फोन आला. ती दर रविवारी करायची, भांडी आवरून, आवाज दाबून. अंगठ्याचं ऐकून तिने हळद भरा म्हणून सांगितलं. मग ती बराच वेळ गप्प राहिली. तिकडून कुणीतरी हाक मारली आणि तिने फोन ठेवला. तिच्या गप्प राहण्याचा त्यांना कंटाळाच यायचा.

अंगठ्याने पंधरा दिवस खाल्ले. बर्फ पडला त्यात आणखी आठ. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पश्चिमेकडचं अर्धं बन पुरं झालं. ठेवलेली झाडं अंतरा-अंतरावर उभी, कापलेल्यांचे ढीग रस्त्याकडेला. उन्हाची तिरीप जमिनीपर्यंत आली. वैरागड्यांनी उभं राहून ते पाहिलं आणि त्यांची छाती भरून आली. त्यांनी शिलाईची टेप घेतली आणि विरळलेल्या बनाच्या आतल्या भागातली वीस झाडं आणि न विरळलेल्या बनातली वीस, अशी छातीइतक्या उंचीवर मोजून त्यांचे वेढे वहीत लिहिले. मग फोन केला.

"पियूषराव, अर्धं झालं. मी बॅग भरतो."

"अरे वा," पियूष म्हणाला. मागून कुणाच्या तरी चालण्याचा आवाज येत होता. तो थांबला. "लॉकडाऊन जरा सैल झाला की आलोच, बाबा."

त्यांनी बॅग भरलीच.

आठ दिवसांनी वारा सुटला. दिवसभर सुटला होता आणि अंधार पडल्यावर वाढला. खोली चाकांवर हलत होती, छताचा पत्रा वाजत होता. वैरागडे पलंगाचा कठडा धरून बसले. त्यांना काळजी खोलीची होती. झाडांची काळजी करावी हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. आलापल्लीला वादळ येई ते घटकाभर, आणि साग त्याला जुमानत नसे.

सकाळी त्यांनी दार उघडलं. पश्चिमेच्या कडेपासून आत सत्तर-ऐंशी पावलांपर्यंत एकही झाड सरळ नव्हतं. मोडलेली थोडी. बाकीची नुसती वाकली होती, शेंडे जमिनीला टेकवून, ओळीच्या ओळी. इतकी वर्षं दाटीत वाढलेली सडपातळ झाडं एकमेकांच्या आधाराने उभी होती. तो आधार त्यांनी चार महिने खपून, गुडघ्यावर बसून, एकेक करून काढून टाकला होता. एका झाडाला त्यांनी खांदा लावून उचलून पाहिलं. सोडलं तसं ते पुन्हा खाली गेलं.

युजीन आला. कुंपणाशी उभा राहून त्याने टोपी मागे सरकवली. मी म्हटलं होतं, असं तो म्हणाला नाही. वैरागड्यांना ते म्हणण्यापेक्षाही जास्त लागलं.

पियूष मार्चमध्ये आला. सूट होती, ती त्याला आता आठवली होती. तो वाकलेल्या झाडांमधून फिरला, एका शेंड्याला बुटाने ढोसलं.

"हे अर्धं म्हणायचं का, बाबा?"

"आतली उभी हायेत. दीड एकरावर उभी हायेत. ते वाढतीन पाहा."

"वाढतील का पण?" पियूष हसला. त्याचं हसू काही नीट जमलं नाही. "असं करू. सप्टेंबरमध्ये मोजू. झाडं खरंच जाडली असली तर घरी. फेअर ना?"

"फेअर," वैरागडे म्हणाले. चौतीस वर्षांच्या नोकरीत ते कुणासमोर एवढं पटकन हो म्हणाले नव्हते. पियूष गाडीत बसून बराच वेळ फोनवर बोलत राहिला. काचेआडून त्याचे हात हलताना दिसत होते, कुणाची तरी समजूत काढल्यासारखे. कंपनीचा फोन असेल, वैरागड्यांना वाटलं.

तो उन्हाळा त्यांनी झाडांकडे बघत काढला. व्हिसाची मुदत सरकार दर काही महिन्यांनी आपोआप वाढवत होतं, तेवढीच काय ती दया. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरच्या बातम्या यायच्या. अलकाच्या घरी सगळ्यांना ताप येऊन गेला, सासू खाटेला खिळली. वैरागडे फोनवर "जपून राहा" म्हणायचे आणि पुन्हा झाडांवर यायचे. मोकळी झालेली झाडं जूनपर्यंत नुसती उभी होती. मग शेंड्याखाली नवी पानं फुटली, शेंडा रुंद व्हायला लागला. दाटीतल्या झाडांचं काहीच झालं नाही. त्यांतली बारीक उभ्या उभ्या वाळत चालली. वैरागडे दर आठ दिवसांनी टेप घेऊन जायचे आणि न मोजता परत यायचे. सप्टेंबरआधी मोजायचं नाही, असा त्यांनी स्वतःला दम दिला होता.

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी गाडी आली ती पियूषची नव्हती. रेवती एकटीच उतरली. दीड वर्षात पहिल्यांदा. केस कापलेले, कानामागे पांढरे झालेले. वैरागडे पायरीवरून जवळजवळ पडतच खाली आले.

"रेवा! पाहा, माहीत होतं मले. तूच येशील न्यायले."

"बाबा, बसा जरा."

"बसतो मग. आधी पाहा." त्यांनी तिचा हात धरला, आत बनात नेलं. टेप गुंडाळून दाखवली, वही उघडून दाखवली. "फेब्रुवारीत हे एकोणीस सेंटिमीटर होतं. आता एकवीस. वरतं दोन रेघा. हे साडेअठरा होतं, आता साडेवीस. सगळे वीस मोजले सकाळी. दोन-दोन सेंटिमीटर वाढले एका उन्हाळ्यात. आणि तिकडचे दाटीतले? अर्धा, लई झालं तर पाऊण. दोघं मेले. जागा दिली की वाढते, मी सांगत होतो ना?"

रेवतीने वहीतले आकडे वाचले. डॉक्टर रिपोर्ट वाचतात तसे, खालपर्यंत.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली.

"मग बॅग घेतो. भरलेलीच हाय."

"बाबा, तुम्ही घरी यायचं नाही."

त्यांना आधी हसूच आलं. "पियूषराव म्हणाले होते, जाडले तर..."

"पियूष गेल्या वर्षी जूनमध्येच म्हणाला होता, आणू या त्यांना. मार्चमध्ये इथून फोन करून माझ्याशी भांडला. दर वेळी नको मी म्हटलंय. त्याने माझ्यासाठी वाईटपणा घेतला, एवढंच."

वैरागड्यांच्या हातातली टेप सुटून गवतात पडली. कुठूनशा मेंढ्या ओरडत होत्या.

"मी काय केलं तुले?" त्यांचा आवाज बारीक झाला. "डॉक्टर केलं तुले."

"हो. ताईले काढून केलं." इतकी वर्षं पुण्यात आणि इथे राहून पुसून गेलेली बोली तिच्या तोंडातून एकदम बाहेर पडली. "तुम्ही ते तीन महिने वरच्या खोलीत होते ना, मले एक रात्र झोप नाही लागली. तुमच्यासमोर जेवायले बसली की ताई ताटं वाढताना दिसे. सोळा वर्षांची. तुम्ही निजले की माझी पुस्तकं वाचे ती, कंदिलापाशी. तुम्ही इथं आले आणि मी झोपली, बाबा. वॉर्डात माणसं मरत होती आणि मी घरी येऊन झोपत होती."

"घेतलं ना तू?" ते ओरडले. "नको म्हणाली होती का तवा? गुपचूप घेतलं सगळं. मीच पापी का एकटा?"

"नाही. नको म्हणाले नाही मी. घेतलं," रेवती म्हणाली. तिचे डोळे कोरडेच होते. "म्हणून तर तुम्हाला बघवत नाही मला."

वैरागडे हटणारे नव्हते. त्यांनी खिशातून फोन काढला. दोन लेकींचा बाप रस्त्यावर पडत नसतो, हे त्यांना हिला दाखवून द्यायचं होतं. त्यांनी अलकाला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"अलके, मी येऊन राहिलो तिकडे. कायमचा. विमानं सुरू झाली."

तिकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"बाबा, मी आणलं असतं जी," अलका म्हणाली. "पण सासूबाई खाटेवर हायेत. एकच खोली हाय ती त्यायची. हे नाही म्हणतीन."

"विचार तर."

"मी इथं कोणाले काही विचारत नाही, बाबा. मले सांगतात, मी करतो." तिच्या आवाजात राग नव्हता. पाऊस पडतोय म्हणून सांगावं तसं तिने सांगितलं. "घर माझं असतं तर नाही म्हटलं नसतं. तुमचा अंगठा बरा हाय ना?"

"हाय."

"ठेवतो मग. आवाज देऊन राहिले."

फोन बंद झाला. रेवतीने गवतातली टेप उचलली, गुंडाळली आणि त्यांच्या हातात दिली. मग ती गाडीकडे गेली आणि सामान काढू लागली. तांदळाची पिशवी, डाळी, औषधांचा डबा, नवं ब्लँकेट, गॅसची नळकांडी. सगळं तिने पायरीवर ओळीने मांडलं. प्रत्येक औषधावर सकाळ-संध्याकाळ लिहिलेलं होतं. पुढचा हिवाळा निघेल एवढं सामान होतं.

"हीटर युजीन बसवून देईल, त्याला सांगितलंय," ती म्हणाली. "पियूष येत जाईल दर पंधरा दिवसांनी. काही लागलं तर त्याला सांगा."

वैरागड्यांना तिच्या पाया पडावंसं वाटलं आणि तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली, दोन्ही एकदम, आणि दोन्हींसाठी अंगात जोर नव्हता. ते नुसते पायरीशी उभे राहिले.

रेवती गाडीत बसली. मोबाइल होमपुढची जागा अरुंद. वळवायला जमेना, मागेच घ्यावी लागणार होती. तिने दोनदा प्रयत्न केला. मागचं चाक मऊ मातीत रुतून गरगरलं, चिखल उडाला. तिने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. वैरागड्यांनी ते पाहिलं. ते पायरी उतरून गाडीच्या मागे गेले, कापलेल्या बर्चच्या दोन काटक्या चाकाखाली सारल्या आणि हात वर करून उभे राहिले.

"येऊ दे," ते म्हणाले. "येऊ दे... आणखी येऊ दे... थांब, डावीकडे खुंट हाय. उजवीकडे घे थोडी. हां. आता जा."

रेवतीने चाक वळवलं आणि गाडी रस्त्याला लागली.